सोमवार पाळणारं मशीन

सुर्ल्याच्या खाणीवरच्या वर्कशॉपात मी सगळी नोकरी काढली. टिपर, डंपर, लोडर, जे काही लाल धुळीत बंद पडायचं ते मी चालू करायचो. निदान माझी समजूत तरी अशीच आहे. खाणी बंद पडल्या, कंपनीने आम्हाला हार घालून घरी पाठवलं आणि लाटंबार्शाच्या आमच्या घरात एक बेकार तज्ज्ञ येऊन बसला. मिक्सर, पंखा, शेजारच्या शंभूची स्कूटर, काहीही बिघडलं तरी मी न बोलावता हजर. शंभू म्हणायचा, "गोपाळाक कळ्ळें म्हणटकच बरी आशिल्ली वस्त पसून बंद पडटा." गोपाळ म्हणजे मी; माझ्या कानावर गेलं की चांगली वस्तूसुद्धा बंद पडते, हे त्याचं बोलणं मी हेवा समजून सोडून द्यायचो.

माझी बायको सुमंगला केरीची. समुद्राच्या काठावर वाढलेली, त्यामुळे मासळीच्या बाबतीत तिचं नाक म्हणजे कोर्ट. बांगडा सकाळचा की कालचा हे ती पाटीवरचं फडकं उचलायच्या आधी सांगते. आमच्याकडे सोमवार सोडला तर रोज नुस्तं, म्हणजे मासळी. आणि नुस्त्याच्या भांड्यांना वास राहिला, तिच्या भाषेत हिंवसाण राहिली, तर ते भांडं दुधाच्या टोपाशेजारी ठेवणं म्हणजे घोर पाप. म्हणून ती ती भांडी मागीलदारी वेगळी घासायची. आधी लिंबाची साल, मग साबण, मग परत साबण.

त्या साबणानेच घात केला. तिच्या हातांना भेगा पडायला लागल्या. बोटांची पेरं सुजली, कातडी तांबडी झाली, मीठ लागलं की ती "आई गो" म्हणून हात झटकायची. म्हापशाच्या डॉक्टरणीने हात बघितले, मलम दिलं आणि बजावलं, "साबणाचं पाणी बंद. एक थेंबसुद्धा नको." हातमोजे घालून बघितले. सुमंगलेने ते दुसऱ्याच जेवणाला काढून टाकले. म्हणाली, "हाताक कळना, भांडें निवळ जालें काय ना तें."

त्यात सिद्धीचं लग्न ठरलं. सिद्धी आमची एकुलती एक, पुण्याला नोकरीला. तुळशीचं लग्न झालं की पुढच्या मुहूर्तावर करायचं असं ठरलं. सगळे आनंदात, आणि सुमंगला एका संध्याकाळी चौकटीत बसून आपले हात बघत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "चुडो भरपाक बसतकच म्हजेय हात फुडें करचे पडटले. ह्या हातांत काकणां कशीं रिगतलीं?"

आमच्याकडे लग्नाआधी नवरीला हिरवा चुडा भरतात आणि तिच्याबरोबर घरातल्या बायकाही भरून घेतात. बांगड्या भरणारी काकणकान्न हात दाबून, बोटं गोळा करून, एकेक काकण पंजावरून सरकवते. बऱ्या हातांनाही ते दुखतं. भेगा पडलेल्या हातांची तर गोष्टच सोडा. नवरीच्या आईने रिकाम्या हातांनी कोपऱ्यात बसायचं, हे सुमंगलेला सोसणारं नव्हतं. मला ते तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. काकणं काय, दुकानात मोठ्या मापाची मिळतात, असं मी म्हणालो आणि ती उठून आत गेली.

सिद्धीला मात्र कळलं. तिने पुण्याहून परस्पर भांडी धुवायचं मशीन पाठवून दिलं.

मशीन आलं त्या दिवशी वाड्यावरची अर्धी माणसं बघायला आली. मी कुजनात, म्हणजे स्वयंपाकघरात, खिडकीखाली त्याची जागा ठरवली, नळ जोडला, माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं आणि कामाची वाटणी केली. जेवणं झाली की मी आडवा होणार. तेवढ्यात सुमंगला भांडी मशीनमध्ये रचणार. चारच्या चहाला मी उठून कळ दाबणार. म्हणजे धुण्याचं श्रेय माझं. आता हे लिहिताना लक्षात येतं की मशीनमध्ये रचलेलं उष्टं ताट कसं दिसतं हे मी कधी बघितलंच नव्हतं. मी उठेपर्यंत दार लावलेलं असायचं.

चार दिवस बरे गेले असतील. मग एका संध्याकाळी मशीन मध्येच थांबलं, पोटात घुर्र घुर्र करत राहिलं आणि काचेवर एक आकडा लुकलुकायला लागला. पुस्तकात बघितलं. पाण्याची गळती.

आता हे मशीन फार भित्रं असतं. त्याच्या तळाशी एक पत्र्याचा ट्रे असतो आणि ट्रेमध्ये थर्माकोलचा एक तुकडा. कुठून तरी गळून ट्रेमध्ये पाणी साठलं की तुकडा तरंगतो, एक बटण दाबलं जातं आणि मशीन सगळं सोडून पाणी बाहेर फेकत बसतं. ट्रे कोरडा केल्याशिवाय ते पुढचं एक ताटही धुवत नाही. मी ते शंभूच्या मदतीने आडवं केलं, जुन्या बनियनने ट्रे टिपला, परत उभं केलं. चालू झालं. मी शंभूकडे असं बघितलं जसं काही पंचवीस टनी डंपर दरीतून वर काढला.

दोन दिवसांनी परत तोच आकडा.

मग माझ्यातला मेकॅनिक जागा झाला. नळाची नळी काढली, बघितली, परत बसवली. सांडपाण्याची नळी बदलली. दाराचं रबर पुसलं, त्यावर खडू फिरवून कुठे फट राहते का ते पाहिलं. कुठे म्हणून थेंब दिसेना. तरी ट्रेमध्ये पाणी यायचंच. मग मी जमिनीला धरलं. आमच्या कुजनातली फरशी मोरीकडे उतरती आहे, म्हणजे मशीन तिरकं, म्हणजे पाणी एका बाजूला. लेव्हलची नळी लावून मी त्याच्या पायांखाली लाकडाच्या पाचरी ठोकल्या. शंभू म्हणाला, "नाचता येईना, अंगण वाकडें." पाचरी ठोकल्यावर मशीन इतकं सरळ उभं राहिलं की आमच्या घरात तेवढं सरळ दुसरं काही नव्हतं. आणि दुसऱ्याच दिवशी त्याने परत आकडा दाखवला.

ट्रे टिपताना बनियन बुळबुळीत व्हायचा आणि वाळल्यावर पत्र्यावर पांढरं वर्तुळ उरायचं. ते मी बघितलं होतं, बरं का. बघून म्हणालो, "बांयचें उदक, क्षार आसा." विहीर बिचारी गप्प राहिली.

शेवटी कंपनीचा माणूस बोलवावा लागला. किरण नावाचा, बेळगावकडचा तरुण. त्याने नळ्या तपासल्या, रबर तपासलं, रिकामं मशीन पूर्ण चालवून बघितलं. एक थेंब नाही. त्यालाही काही सुचेना. जाताना पिशवी भरता भरता त्याने विचारलं, "काका, भांडी घासायचा साबण तर जात नाही ना आत?"

सुमंगला दारात उभी होती. तिने काही बोलायला तोंड उघडलं, हे मला आजही दिसतं. पण मशीनच्या प्रश्नाचं उत्तर मी नाही द्यायचं तर कोणी? मी म्हणालो, "साबण? आम्ही कंपनीचीच पावडर वापरतो. पुस्तक वाचलंय मी." किरण बरं म्हणाला आणि गेला. सुमंगलेने तोंड मिटलं आणि चहाचे कप उचलले.

इकडे तिच्या हातांना काही उतार पडेना. मशीन आलं, डॉक्टरणीचं मलम दोनदा बदललं, तरी भेगा तशाच. मी त्याचंही निदान केलं. म्हटलं, हे कोकमाच्या आगळामुळे असणार. घरातून आगळ बंद. पुढे म्हटलं, नारळ खवण्यामुळे. आठवडाभर मी नारळ खवला आणि बोटाला विळी लावून घेतली. मग दोघेही मलम लावत बसलो.

अशातच मला तो मोठा शोध लागला. मंगळवारी सकाळी ट्रे टिपायची पाळी कधीच येत नाही! सोमवारची भांडी ते विनातक्रार धुतं. मी शंभूला सांगितलं तर तो पोट धरून हसला. दुसऱ्या दिवशी पोदेर पाव घेऊन आला तोही विचारतो, "तुमचें मशीन सोमार पाळटा म्हण?" तो ख्रिस्तांव, त्यालाही कौतुक. देवळाच्या मंडपात कोणीतरी म्हणालं, मशीनला जानवं घाला. मी मात्र गंभीर होतो. सोमवारी आमच्याकडे नुस्तं नसतं. म्हणजे गळतीचं कारण नुस्तं. नुस्त्यात काय असतं? काटे. काटा कुठेतरी रबरात अडकतो, फट पडते, पाणी गळतं. किती सरळ होतं! मी कुजनात उभा राहून फर्मान काढलं.

"आयक गो. नुस्त्याचीं भांडीं बरीं निवळ करून घाल. कांटो, खवळें, हिंवसाण, कांयच मशिनींत वचपाक जायना."

"बरें," ती म्हणाली.

आणि रोग वाढला. पूर्वी दोन-तीन दिवसांनी रुसणारं मशीन आता सोमवार सोडून रोज रुसायला लागलं. मी दाराच्या रबरातले काटे शोधायला सिद्धीची भुवया कोरायची चिमटी वापरली. एकही काटा सापडला नाही. मी म्हटलं, बारीक असणार.

मग श्रावण लागला. महिनाभर घरात नुस्तं नाही, पुढे चवथ, गणपती घरात असेपर्यंतही नाही. त्या सगळ्या काळात मशीन असं चाललं की मी पाहुण्यांना हात धरून कुजनात नेऊन दाखवायचो. पुऱ्या-नेवऱ्यांची तेलकट भांडी, खतखत्याचे टोप, सगळं लखलखीत. आणि गंमत म्हणजे सुमंगलेचे हातही सुधारले. भेगा मिटल्या, सूज उतरली. गणपतीसमोर दुर्वा निवडताना ती हात उलटेसुलटे करून बघत होती आणि स्वतःशीच हसत होती. मी तिला म्हणालो, "पळय, आगळ बंद केलें तें बरें केलें न्हय?" आगळ बंद होऊन दोन महिने झाले होते, त्यातला एक महिना तर हात तसेच होते. पण हिशेब आपल्या बाजूने लागत असेल तर माणूस फार खोलात जात नाही.

गणपती गेले. दुसऱ्याच दिवशी मासळीवाल्याचा भोंगा वाजला आणि सुमंगला पिशवी घेऊन धावली. बांगड्याचं हुमण, म्हणजे रस्सा, आणि तळलेल्या तारल्या. मी पोट फुटेस्तोवर जेवलो. त्या दिवसापासून मशीन परत बंद पडायला लागलं आणि आठवडा भरायच्या आत तिचे हात परत फुटले. लग्नाला आता दोनेक महिनेच होते. एका सकाळी ती पाव फोडताना मला तिच्या बोटातून रक्त आलेलं दिसलं. ती म्हणाली, "सिद्धीक सांगूं नाकात. चुडो भरतना हांव रांदचे कुडींत काम काडून बसतलें. कोणाक कळचें ना." ते ऐकून मी उठलो. आणि उठून काय केलं? मशीनवर जाऊन राग काढला. आज तो काटा शोधल्याशिवाय झोपायचं नाही असं ठरवलं.

म्हणजे दुपारी झोपायचं नाही. जेवणं झाली, मी खाटेवर पडून घोरण्याचं सोंग केलं. सुमंगलेने भांडी रचून दार लावलेलं ऐकलं आणि उठलो. कळ दाबायच्या आधी मी खालची टोपली बाहेर ओढली, एकेक भांडं उजेडात धरून काटा शोधायला लागलो. हुमणाचा टोप उचलला आणि तो माझ्या हातातून माशासारखा निसटून थेट अंगठ्यावर पडला.

एका पायावर नाचून झाल्यावर मी टोपाकडे नीट बघितलं. आत नुस्त्याचा मागमूस नव्हता. तळ चकाकत होता. मी बोट फिरवलं. बुळबुळीत. नाकाला लावलं. लिंबाच्या साबणाचा वास. नळाखाली धरला आणि टोपाला फेस आला. ताट धरलं, फेस. वाटी धरली, फेस. तव्याला तर इतका फेस आला की मोरी भरली.

आता मला सगळं दिसायला लागलं. हा साबण आत जातो, मशीन गरम पाणी जोरात मारतं, फेस फुगतो, दाराच्या खालून उतरतो आणि ट्रेमध्ये जाऊन त्याचं पाणी होतं. थर्माकोल तरंगतो. काटा नाही, फट नाही, फरशी नाही, विहीर नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

"सुमंगला! हें किदें गो?"

ती मागीलदारातून आली. पदराला हात पुसत होती. "साबू."

"कित्याक?"

"तुमीच सांगिल्लें न्हय, हिंवसाण मशिनींत वचपाक जायना म्हूण?"

"आनी ताच्या पयलीं?"

"पयलीं थोडोच लायतालें. दुदाचो टोप त्याच मशिनींत आसता न्हय? तुमी सांगल्या उपरांत बरे घांसून लावंक लागलें."

"आनी मागीर धुवनाशिल्लें?"

"कशाक? मशीन धुता न्हय?" ती म्हणाली. मशीन धुतंच आहे तर पाणी दोनदा कशाला घालवायचं, हा तिचा हिशेब अगदी बरोबर होता.

पण मला त्या क्षणी दुसरं काही सुचत नव्हतं. बिघाड सापडला होता! माझ्या एवढ्या आयुष्यात कुठलाही बिघाड सापडल्यावर मी इतका खूश झालो नसेन. "सापडलें!" म्हणून मी ओरडलो आणि आनंदाच्या भरात तिचे दोन्ही हात माझ्या हातांत घेऊन गच्च दाबले.

"आई गो!" ती किंचाळली आणि खाली बसली.

मी हात सोडले. ते हात ओले होते, बुळबुळीत होते आणि भेगांमध्ये साबणाचा पांढरा फेस बसला होता. एका भेगेत तो गुलाबी झाला होता. हे मशीन कोणासाठी आणलं होतं? ते बिघडू नये म्हणून ती रोज कोपरापर्यंत साबणात हात घालत होती, आणि ते मीच सांगितलं होतं. मी रोज ट्रे टिपत होतो, आणि ज्या हातांसाठी टिपत होतो ते माझ्यासमोर चहा आणून ठेवत होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काय करावं कळेना. मी बाल्दीतलं पाणी तिच्या हातांवर ओतायला लागलो. ओततच राहिलो.

"पुरो," ती म्हणाली. "फरश भिजली. तुमच्यो पाचरी फुगतल्यो."

त्या दिवसापासून नुस्त्याची भांडी माझ्याकडे आली. मागीलदारी बसायचं, नारळाच्या सोडणाने खरकटं खरवडायचं, साध्या पाण्याचा हात फिरवायचा, साबणाचं नाव काढायचं नाही. मग नुस्त्याची भांडी वेगळी लावायची, दुधाची वेगळी. पहिल्या दिवशी मशीन संपेपर्यंत सुमंगला त्याच्यासमोर पाट घेऊन बसली होती. आकडा आला नाही. दार उघडल्यावर तिने एकेक भांडं नाकाशी नेलं. मी परीक्षेच्या निकालाला उभा असल्यासारखा उभा. शेवटच्या वाटीनंतर ती म्हणाली, "ना, हिंवसाण येना," आणि मग जरा थांबून, "तरी दुदाचो टोप हांव हातानच धुतलें." शेवटी तोही मीच धुवायचा असं ठरलं.

शंभू कुंपणावरून बघायचा. "गोपाळा, मशीन घेतलें तें खंय आसा रे?"

"तेंच हें," मी स्वतःकडे बोट करून म्हणायचो.

पाचरी मी काढल्या नाहीत. एवढं सरळ काही आमच्या घरात असू दे.

तुळशीचं लग्न झालं आणि सिद्धीच्या चुड्याचा दिवस आला. चौकीत, म्हणजे मधल्या सोप्यात, बायकांची गर्दी, हळदीकुंकू, अबोलीच्या गजऱ्यांच्या फाती. दिवचलेच्या बाजारातली काकणकान्न सुलोचना हिरव्या काकणांचे जुडगे उलगडून बसली होती. पुरुषांना तिथे काम नव्हतं. म्हणून मी बाहेर, जनेलाखाली, म्हणजे खिडकीखाली, मांडवाचा खांब तपासत होतो. खांब चांगला होता. मी तो पुन्हा पुन्हा तपासत होतो.

सिद्धीचे हात भरून झाले. मग कोणीतरी म्हणालं, "आतां आवय." सुमंगला रांधायच्या खोलीत गेली नव्हती. ती पुढे सरकली आणि तिने हात पुढे केले. हात बरे झाले होते, कातडी नवी होती, कोवळी. सुलोचनेने पंजा दाबून बघितला, अंगठा आत वळवला आणि मान हलवली.

"हात मातसो कठीण आसा. गो, कोण तरी साबू हाडात पळोवया. साबू लायलो म्हणटकच रिगतलीं."

"साबू नाका!"

हे मी ओरडलो होतो. जनेलाच्या गजांत तोंड खुपसून. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. सिद्धीची होणारी सासूसुद्धा.

"खोबरेल," मी म्हणालो, जरा हळू आवाजात. "खोबरेल लावा. साबण तिला चालत नाही. डॉक्टरांनी सांगितलंय." आणि खिशातून खोबरेलाची बाटली काढून गजांतून आत दिली. होय, ती माझ्या खिशात होती. सकाळपासून.

चौकी हसून फुटली. कोणीतरी उखाण्यात माझं नाव घातलं. सुलोचनेने खोबरेल ओतलं, हात चोळला आणि पहिलं काकण पंजावरून गेलं. मग दुसरं. सुमंगला कुठल्याच काकणाला "आई गो" म्हणाली नाही. मी गज धरून उभा होतो आणि खांबाचं मला काही आठवत नव्हतं.

दोन्ही मनगटं भरली तेव्हा ती उठली, जनेलापाशी आली आणि गजांतून हात बाहेर काढून माझ्या तोंडासमोर धरला. काकणं किणकिणली.

"वास घेयात," ती म्हणाली. "हिंवसाण येता?"

मी वास घेतला. पण काय सांगणार, माझं नाक तेव्हा गळायला लागलं होतं.